वायद्याचा दिवस

तीस जूनला आमच्या घरी रात्रीचं जेवण झाकून ठेवलेलं असे. वडील एका बँकेत लेजरवर होते आणि त्या दिवशी अर्धवार्षिक क्लोजिंग असायचं. संगणक यायला अजून बरीच वर्षं होती. एकेका बचत खात्याचं सहा महिन्यांचं व्याज हातानं काढायचं. दर महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरीपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक राहिली असेल तीच व्याजासाठी धरायची. मग ते व्याज पानापानावर चढवायचं आणि सगळ्या पानांची बेरीज जनरल लेजरशी जुळवायची. ती पहिल्या खेपेला जुळल्याचं मला आठवत नाही. वडील मध्यरात्र उलटून गेल्यावर यायचे, हातपाय धुवायचे आणि आई ताट वाढता वाढता विचारायची, "लागला का टॅली?"

एका वर्षी सत्तावीस रुपयांचा फरक राहिला होता. मी जागाच होतो. जेवताना त्यांनी मला सांगितलं, फरकाला नवानं पूर्ण भाग गेला की समजायचं, कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत. ६३ च्या जागी ३६ पडले की बरोबर सत्तावीस येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनवाला ते पुन्हा डबा घेऊन निघाले, कारण पहिल्या तारखेला लोक पासबुकात व्याज चढवून घ्यायला रांग लावत. फरक त्या दिवशी दुपारी सापडला. आजही कुठल्याही हिशेबात तफावत दिसली की माझा हात आधी नवानं भागून पाहतो.

हे पुस्तक तारखांचं आहे. व्यापार आणि अर्थकारणातल्या घटना वर्षावर्षांच्या ओळीत न लावता दिवसादिवसांच्या ओळीत लावल्या तर काय दिसतं, हे पाहायचा हा प्रयत्न. आपल्याला दिनविशेषाची सवय शाळेच्या फळ्यापासून आहे. अमक्याचा जन्म, तमक्याची पुण्यतिथी, कुठल्याशा तहावर सह्या. एका तारखेच्या आसऱ्याला आलेल्या या नोंदींची एकमेकींशी ओळख करून द्यायची फळ्यावर सोय नसते. मला ती ओळख करून द्यायची होती.

एक खुलासा आधीच करतो. अर्थकारणातल्या घटना ठरावीक तारखांना गर्दी करतात, यात नवल काही नाही. युद्ध, खून, भूकंप यांना मुहूर्त नसतो. कायदा लागू करायचा, बँक सुरू करायची, नवा कर आणायचा तर दिवस आधी ठरवावा लागतो आणि तो ठरवणारा माणूस बहुधा वहीवाला असतो. आदल्या रात्री जुना हिशेब मिटवता आला पाहिजे, म्हणून जानेवारी, एप्रिल आणि जुलै यांच्या पहिल्या तारखा वरचेवर येतात. चार्टर्ड अकाउंटंटांची संस्था १ जुलै १९४९ ला स्थापन झाली, भारतीय औद्योगिक विकास बँक १ जुलै १९६४ ला. पूर्व जर्मनीत पश्चिमेचा मार्क चलन म्हणून आला तो १ जुलै १९९० ला. या तीन घटनांना एकत्र बांधणारं मला कॅलेंडरखेरीज काही सापडलं नाही, म्हणून त्यांना इथंच सोडतो.

पण त्याच तारखेच्या दुसऱ्या काही घटना आहेत, त्या मला सोडवत नाहीत. मराठीत 'वायदा' या शब्दात दोन अर्थ नांदतात. वायदा म्हणजे दिलेला शब्द, आणि वायदा म्हणजे तो पुरा करायची मुदत. वायदेबाजार हा शब्दही त्यातूनच आला. पहिल्या जुलैची पानं चाळताना मला पुन्हा पुन्हा वायदा दिसला. कुणी तो देत होतं, कुणाचा भरत होता, कुणाचा बुडत होता.

आरंभ कागदाच्या एका चिमुकल्या तुकड्यापासून करतो. १ जुलै १८५२ ला सिंध प्रांतात, जो तेव्हा मुंबई इलाख्याखाली होता, 'सिंध डाक'ची तिकिटं चलनात आली. चिकटवायचं टपाल तिकीट आशियात प्रथम आलं ते हे. किंमत अर्धा आणा. तिकिटावर मध्यभागी ईस्ट इंडिया कंपनीची व्यापारी खूण उठवलेली होती. पहिली तिकिटं लाखेच्या चकतीसारखी, तांबडी आणि इतकी ठिसूळ की हाताळताना तुटायची, त्यामुळे आज ती फारच थोडी उरली आहेत. तिकीट म्हणजे तरी काय? पैसे आज घ्यायचे आणि पत्र नंतर पोचवायचं, असा सरकारनं दिलेला अर्ध्या आण्याचा वायदा. ही योजना आणणारा सिंधचा कमिशनर होता बार्टल फ्रिअर. त्याचं नाव लक्षात ठेवावं, कारण बरोबर तेरा वर्षांनी, १ जुलै १८६५ ला, तो मुंबईचा गव्हर्नर होता.

त्या दिवसाची गोष्ट सांगायला थोडं मागं जावं लागेल. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा अमेरिकन कापूस थांबला. गिरणीवाल्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. वऱ्हाड, खानदेश आणि गुजरातचा कापूस मुंबईच्या धक्क्यावरून जाऊ लागला आणि भाव असा चढला की लोकांनी गाद्या उसवून आतला कापूस विकल्याच्या कथा शहरात पुढं कित्येक वर्षं सांगितल्या जात. आलेला पैसा ठेवायला जागा हवी, म्हणून कंपन्या निघाल्या. बँका निघाल्या, फायनान्शियल असोसिएशनं निघाली, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅक बे रेक्लमेशनचा पाच हजार रुपये भरलेला शेअर पन्नास हजारांपर्यंत चढला. या सगळ्याच्या केंद्रस्थानी दलाल प्रेमचंद रायचंद. कुठल्या नव्या कंपनीचे शेअर कुणाला मिळायचे, हे त्यांच्या शब्दावर ठरायचं. बँक ऑफ बॉम्बेचं कर्ज कुणाला मिळायचं, यातही त्यांचा शब्द चालायचा आणि घात तिथंच झाला.

पुढच्या मुदतीचे सौदे, म्हणजे अमक्या तारखेला अमक्या भावानं शेअर घेईन किंवा देईन असे करार, शेकड्यांनी झाले होते. त्यांतल्या असंख्य सौद्यांची मुदत एकच होती, १ जुलै १८६५. सौदे करणाऱ्यांना खात्री होती की तोवर युद्ध चालूच राहील. एप्रिलमध्ये दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला, ती बातमी मुंबईत पोचली आणि कापसाचा भाव कोसळला. मे आणि जूनमध्ये पेढ्या बुडायला लागल्या. जुलैची पहिली उजाडली तेव्हा घेणाऱ्याकडे पैसे नव्हते आणि देणाऱ्याच्या हातातल्या कागदाला गिऱ्हाईक नव्हतं. प्रत्येक जण दुसऱ्याकडून येणं आहे या भरवशावर तिसऱ्याचं देणं लागत होता, त्यामुळे एक कडी तुटली तसे सगळेच खाली आले. दिनशा वाच्छा तेव्हा विशीतले तरुण होते. पुढं १९१० मध्ये त्यांनी मुंबईच्या या आर्थिक प्रकरणावर पुस्तक लिहिलं. ज्यांना शेअरबाजारातली कुठलीही तेजी अपूर्व वाटते त्यांनी ते जरूर वाचावं.

फ्रिअरचं सरकार या पडझडीत निव्वळ बघ्या नव्हतं. बँक ऑफ बॉम्बेमध्ये सरकारचं भांडवल होतं, सरकारनं नेमलेले संचालक होते, आणि तरीही शेअर तारण घेऊन, कधी नुसत्या नावावर, कर्जं दिली गेली. १८६८ मध्ये ती बँक गुंडाळावी लागली. पुढं चौकशी आयोग बसला. त्याच वर्षी नवी बँक ऑफ बॉम्बे उभी राहिली. १९२१ मध्ये तिचं बंगाल आणि मद्रासच्या बँकांशी विलीनीकरण होऊन इंपीरियल बँक ऑफ इंडिया झाली आणि १९५५ मध्ये इंपीरियल बँकेची स्टेट बँक. तारीख, १ जुलै. ज्या दिवशी मुंबईतले वायदे बुडाले आणि एका बँकेचा पाया खचला, त्याच तारखेला नव्वद वर्षांनी त्या बँकेच्या वारसदाराला सरकारनं हाताशी धरलं. हे कुणी ठरवून केलं नव्हतं, पण हे कळलं त्या रात्री मला झोप आली नाही.

मध्ये आणखी एक पहिली जुलै येते, आणि ती मुंबईपासून फार दूर. १ जुलै १९४४ ला अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात, ब्रेटन वुड्सच्या माउंट वॉशिंग्टन हॉटेलात चव्वेचाळीस देशांचे प्रतिनिधी जमले. युद्धानंतरच्या जगात पैशाची व्यवस्था कशी असावी, हे ठरवायचं होतं. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा जन्म तिथला. भारत अजून स्वतंत्र नव्हता आणि शिष्टमंडळाचे नेते होते व्हाइसरॉयच्या कौन्सिलातले जेरेमी रेझमन. पण त्यांच्यासोबत रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते, षण्मुखम चेट्टी होते आणि मुंबईचे अर्देशीर श्रॉफ होते. देशमुखांचा जन्म महाडजवळच्या नाते गावचा. रायगडाच्या पायथ्याचा हा माणूस त्या हॉटेलात बसून जगाच्या चलनाचे नियम लिहिणाऱ्यांत होता, याचा मला फार अभिमान वाटतो.

भारताचं तिथलं दुखणं वेगळंच होतं. युद्धाच्या काळात ब्रिटननं इथून धान्य, कापड, पोलाद, सैनिकांचा खर्च, सगळं उधारीवर उचललं होतं. बदल्यात लंडनमध्ये भारताच्या नावे पौंड जमा होत होते आणि इथं तेवढ्या नोटा छापल्या जात होत्या. महागाई भडकली, १९४३ मध्ये बंगालमध्ये लाखो माणसं उपाशी मेली. युद्ध संपेपर्यंत ब्रिटनकडचं हे येणं शंभर कोटी पौंडांच्या वर गेलं. हे पैसे वापरायला कधी मिळणार, एवढाच भारताचा प्रश्न होता. श्रॉफ यांनी परिषदेत आपली अवस्था सांगितली ती अशी की, बँकेत दहा लाख डॉलर जमा आहेत, पण टॅक्सीचं भाडं द्यायला खिशात पैसे नाहीत. नाणेनिधीनं यात लक्ष घालावं, ही मागणी मान्य झाली नाही. ब्रिटनच्या बाजूनं अर्थशास्त्रज्ञ केन्स होते. हा आमचा आणि आमच्या सावकारांचा खासगी मामला आहे, आम्ही इमानानं फेडू, अशी त्यांची भूमिका होती. पैसे पुढं हप्त्याहप्त्यानं मिळाले. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं आणि जे उरलं होतं त्याची डॉलरमधली किंमत जवळजवळ तिसऱ्या हिश्शानं घटली.

देशमुखांची दुसरी पहिली जुलै मला जास्त जवळची आहे. १९५५ मध्ये ते अर्थमंत्री होते. त्याआधी रिझर्व्ह बँकेनं ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखाली ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी करवली होती. समितीत पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ होते. विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर लोणीचा सहकारी साखर कारखाना उभा करणारे गाडगीळ हेच. पाहणी करणारे लोक ७५ जिल्ह्यांतल्या ६०० खेड्यांत गेले, सव्वा लाखाहून जास्त कुटुंबांकडे गेले आणि विचारलं, गेल्या वर्षी कर्ज कुणाकडून काढलं? उत्तर असं आलं. शेतकऱ्यानं काढलेल्या शंभर रुपयांतले सत्तर सावकाराचे, तीन सहकारी संस्थांचे, तीन सरकारचे. व्यापारी बँकांचा वाटा एक रुपयासुद्धा भरत नव्हता.

हा आकडा अर्थशास्त्राच्या वर्गात पाठ केला तर कोरडा राहतो. तो तारखेला लावून पाहा. पहिली जुलै म्हणजे मृग सरून आर्द्रा लागलेली असते. पेरणी झालेली असते किंवा व्हायची असते, दुबार पेरणीची धास्ती असते, घरातलं धान्य संपत आलेलं असतं आणि नव्या पिकाचा पैसा दिवाळीशिवाय दिसणार नसतो. शहरातली बँक आपली सहामाही बंद करून व्याज जमा करत असते त्याच आठवड्यात शेतकऱ्याला वर्षातली सर्वांत मोठी नड असते. बियाणं, खत, बैलाचा चारा, मुलांची वह्यापुस्तकं, सगळं एकदम. सावकार हे ओळखून असे. त्याचं दुकान गावातच असे, तो रात्री दहालाही दार उघडे आणि कागदावर अंगठा घेई.

समितीनं सुचवलं की इंपीरियल बँक सरकारनं ताब्यात घ्यावी आणि तिला खेड्यांच्या दिशेनं वळवावं. देशमुखांनी विधेयक आणलं, रिझर्व्ह बँकेकडे बहुसंख्य भांडवल आलं, आणि १ जुलै १९५५ ला स्टेट बँक सुरू झाली. पहिले अध्यक्ष जॉन मथाई. अर्थमंत्रिपदाचा राजीनामा त्यांनी दिला आणि त्या खुर्चीवर देशमुख आले होते, ते हेच मथाई. कायद्यातच लिहिलं होतं की पाच वर्षांत निदान चारशे नव्या शाखा उघडायच्या. त्या उघडल्या गेल्या. ज्या तालुक्याच्या गावी सरकारी तिजोरी आणि पोलीस कचेरी याखेरीज सही-शिक्क्याची जागा नव्हती, तिथं बँकेची पाटी लागली. खातेदाराला नाव विचारणारा, नमुना सही घेणारा माणूस तिथं बसू लागला.

हा वायदा पुरा झाला, असं मी म्हणणार नाही. शाखा तालुक्यापर्यंत आली, शेतकऱ्याच्या बांधापर्यंत यायला तिला फार उशीर लागला. तिथवर पोचायचं काम बरीच वर्षं सहकारी सोसायट्यांनी आणि जिल्हा बँकांनी केलं, त्याची किंमतही मोजली. महाराष्ट्रात पहिली जुलै हा कृषिदिन म्हणूनही पाळतात, कारण माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईकांचा जन्म १ जुलै १९१३ चा, पुसद तालुक्यातल्या गहुलीचा. त्या दिवशी कार्यक्रम होतात, सत्कार होतात. त्याच दिवशी पीककर्जाच्या रांगेत सातबारा आणि आधारच्या झेरॉक्स घेऊन उभी असलेली माणसं मी पाहिली आहेत. सत्तर वर्षांपूर्वीची पाहणी त्यांच्यासाठी अजून जुनी झालेली नाही.

शहरातल्या मध्यमवर्गालाही एक वायदा मिळाला होता. १ जुलै १९६४ ला युनिट ट्रस्टनं 'यूएस ६४' योजनेची विक्री सुरू केली. दहा रुपयांचं युनिट. शेअरबाजाराला घाबरणाऱ्या मध्यमवर्गासाठी ती मोठी सोय होती आणि महाराष्ट्रातल्या कित्येक निवृत्त शिक्षकांनी, विधवांनी तिच्यावर विसंबून घर चालवलं. सदतीस वर्षांनी, २००१ च्या जुलैच्या आरंभीच, युनिटांची विक्री आणि परतखरेदी सहा महिन्यांसाठी थांबवल्याची घोषणा झाली. ट्रस्टचं हिशेबाचं वर्ष जुलैलाच सुरू होई.

आणि मग १९९१. आखाती युद्धानं तेल महागलं, आखातात गेलेल्या कामगारांचे पैसे आटले, परकीय गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. सरकार नवं होतं, पी. व्ही. नरसिंह राव आणि डॉ. मनमोहन सिंग यांना पदावर येऊन दहा दिवस झाले होते. १ जुलैला रिझर्व्ह बँकेनं रुपयाचं पहिलं अवमूल्यन केलं आणि ३ जुलैला दुसरं. एका डॉलरला सुमारे एकवीस रुपये पडत होते, ते तीन दिवसांत सव्वीसच्या घरात गेले. दुसरं पाऊल थांबवावं असं पंतप्रधानांच्या मनात आलं. अर्थमंत्र्यांनी ३ जुलैच्या सकाळी रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांना फोन केला, तेव्हा ते पाऊल पडून गेलेलं होतं. त्याच महिन्यात सुमारे ४७ टन सोनं परदेशी गहाण गेलं. त्याआधी मेमध्ये वीस टन सोनं परदेशी बँकेला देऊन डॉलर उभे करायचं काम सरकारनं स्टेट बँकेमार्फतच केलं होतं, आणि मदतीसाठी हात पसरला तो ब्रेटन वुड्सला जन्मलेल्या नाणेनिधीपुढं. पहिल्या जुलैच्या दोन संस्था त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात एकाच अडचणीवर कामाला लागल्या होत्या.

त्या दिवसांत आमच्याकडे वर्तमानपत्र मोठ्यानं वाचलं जाई. अवमूल्यनाचा अर्थ आईला कुणी समजावला नाही, पण सोन्याची बातमी ऐकल्यावर तिनं हातातलं काम थांबवलं. तिच्या माहेरी एकदा पाटल्या गहाण पडल्या होत्या. "सोडवून आणतील ना?" एवढंच तिनं विचारलं. वडील काही बोलले नाहीत.

२०१७ च्या पहिल्या जुलैचं वर्णन सगळ्यांना पाठ आहे. मध्यरात्री संसदेचा सेंट्रल हॉल, राष्ट्रपती प्रणव मुखर्जी, पंतप्रधान मोदी, आणि वस्तू व सेवा कर. मला त्या रात्रीचे मुंबईचे जकात नाके आठवतात. मुलुंड, दहिसर, ऐरोली, मानखुर्द. दर वर्षी सुमारे सात हजार कोटी रुपये महापालिकेला देणारी जकात त्या मध्यरात्री संपली. वर्षानुवर्षं ट्रकच्या रांगा, हातात कागद नाचवणारे क्लीनर, बिलावरचा माल आणि गाडीतला माल ताडून पाहणारे निरीक्षक, कडेला चहाच्या आणि भुर्जीच्या गाड्या. शिवकाळापासून ऐकू येणारा एक शब्द शहराच्या व्यवहारातून उठला. त्या उत्पन्नाची भरपाई राज्य सरकार दर महिन्याला देईल, असा कायदा झाला. शहराचा स्वतःचा पैसा वरून येणाऱ्या पैशात बदलला, आणि याची चर्चा आपल्याकडे पुरेशी झाली नाही, असं मला ठामपणे वाटतं. व्यापाऱ्याची नाक्यावरची अडवणूक थांबली हे चांगलंच झालं. पण पालिकेला आपल्या मिळकतीसाठी दुसऱ्याच्या वायद्यावर अवलंबून राहावं लागणं ही लहान गोष्ट नाही.

पुढच्या पानांत असे बरेच दिवस आहेत. काही दिवसांना मी दोन ओळीच दिल्या आहेत, काहींना दहा पानं. जिथं धागा सापडला नाही तिथं तो ओढून आणलेला नाही.

गेली काही वर्षं पहिल्या जुलैला मी फोर्टात जातो. चर्चगेटला उतरून पावसातून हॉर्निमन सर्कलपर्यंत चालत जायला पंधरा मिनिटं लागतात. टाउन हॉलच्या समोर वडाखाली जिथं दलाल जमत, तिथं आता बाग आहे. तिथून स्टेट बँकेची जुनी शाखा दिसते, दलाल स्ट्रीट थोडंसं मागं राहतं, रिझर्व्ह बँक पुढच्या वळणावर आहे. स्टेट बँकेत त्या दिवशी दाराला झेंडूचं तोरण असतं, कारण तो बँकेचा वाढदिवस. मागच्या खेपेला काउंटरपाशी एक आजोबा पासबुक भरून घ्यायला उभे होते. यंत्रातून पासबुक बाहेर आलं, त्यांनी चष्मा वर केला, शेवटची ओळ बोटानं धरली आणि तिथंच उभं राहून खिशातल्या पेनानं व्याजाचा हिशेब पुन्हा करून पाहिला.